वन्सं आणि चौदा पायांचे जीव

वन्सं, तुमच्या चितेची लाकडं मी झटकली.

पावसाचे दिवस. लाकडं गोठ्याच्या पडवीतली, वरनं कोरडी पण तळाला ओल धरलेली. बैलगाडी दाराशी उभी, माणसं खोळंबलेली, आणि मी ओंडके गाडीत भरूच देईना. तुमची मऊ केरसुणी घेतली, सूप घेतलं आणि चाकाशीच बसले. तुम्ही शिकवलंत तसा एकेक ओंडका जमिनीला तीनदा हलकेच टेकवला, साल सुटलेली असेल तिथं केरसुणी फिरवली, खाली पडलं ते सुपात घेऊन भिंतीच्या ओलीला सोडलं. घरात मयत असताना बाईनं हे काय मांडलंय, कुणाला कळेना. "वैनी, सर यायला लागलीया, आवरा आता," असं कुणीतरी म्हणालं. तुमचा भाऊ सोप्यावर गुडघ्यात मान घालून बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "करू द्या तिला. आक्काचीच लाकडं हाईत ती."

बाभळीच्या एका जाड ओंडक्याच्या सालीखाली ते निघाले. करडे, तुरीच्या डाळीएवढे, पाठीवर आडव्या पट्ट्या, उजेड लागताच सैरावैरा. मी त्यांना सुपात घेतलं. तुमचा चेहरा झाकला तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते तेव्हा आलं.

गेले पाच दिवस बायका येऊन बसतात आणि तुमच्याबद्दल सांगतात. किती उपास केले, एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तरी कशा ताठ राहिल्या, बस्तीतलं जिनदर्शन कसं कधी चुकवलं नाही. सगळं खरं आहे. पण या ओल्या लाकडातल्या जीवाला तुमच्याइतकं ओळखणारं माणूस निपाणीपासनं चिकोडीपर्यंत दुसरं नव्हतं, हे एकीलाही माहीत नाही. आपल्याकडं त्याला धड नावसुद्धा नाही. तुम्ही नुसतं 'हुळ' म्हणायचात, कानडीत किड्याला म्हणतात तसं.

मी बेळगावहून लग्न होऊन इथं आले तेव्हा न्हाणीची चूल तुमच्या ताब्यात होती. अकरा माणसांच्या अंघोळीचं पाणी. विधवा होऊन माहेरी परतलेल्या बाईला ते काम मिळालं आणि तुम्ही ते असं धरलंत की घरातला कुणी तुमच्या परवानगीशिवाय काटकीसुद्धा आत सरकवू शकायचा नाही. वखारीत जायची घाई असलेला तुमचा भाऊ खांद्यावर पंचा टाकून ओरडायचा, "आक्का, आंगूळ आज मिळनार का उद्या?" आणि तुम्ही आतनं म्हणायचात, "जीव बघितल्याबिगर मी जाळ लावत न्हाय. थांब की रं." मी बेळगावच्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, शाळामास्तरांची मुलगी. मला हे सगळं फार झालं असं वाटायचं. नवऱ्यापाशी तसं बोललेही. तो म्हणाला, "तिच्यापाशी दुसरं काय हाय?"

दुसऱ्या वर्षी एके सकाळी मी येऊन तुमच्याशेजारी बसले. तुम्ही काही विचारलं नाहीत. फक्त सूप माझ्याकडं सरकवलंत.

महिनाभरात माझ्या लक्षात आलं की तुम्ही त्यांना वाचवत होतात ते एक, आणि त्यांच्याकडं बघत होतात ते निराळंच. कुठल्या सालीखाली राहतात, उन्हाळ्यात किती खोल जातात, कोरड्या जागी ठेवला तर दुपारपर्यंत कसा मलूल होतो आणि ओल्या फडक्यावर ठेवला तर कसा पुन्हा उठतो, हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. एकदा तुम्ही तळहातावर एक घेऊन आलात. मागचं अर्धं अंग पांढरंफटक, पुढचं करडं. मी म्हटलं, "अर्धा मेलाय." तुम्ही हसलात. "मेला न्हाय. कात टाकतंय. पयलं मागचं टाकतंय, मग दोन-चार दिसांनी फुडचं. समदं एकदम टाकलं तर जगंल कसं?" मग म्हणालात, "मानसाला तेवढी सवड कोन देतंय." आणि काटक्या मोडायला लागलात.

तुम्ही बायकांच्या बोलण्यातसुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणायचात, इकडच्या जैन घरांतल्या रीतीनं. बेळगावच्या शाळेनं माझं ते बोलणं काढून टाकलं होतं. तुमच्यापाशी बसून ते थोडंफार परत आलं.

माहेरी गेले तेव्हा आप्पांचं भिंग मागून आणलं. ते वर्गातल्या मुलांना फुलं दाखवायला वापरत. त्या भिंगानं आपलं भांडण सुरू झालं, आणि ते मिटायच्या आत तुम्ही गेलात.

मी पहिल्यांदा त्यातनं बघितलं आणि म्हटलं, "वन्सं, याला डोळे आहेत. डोक्याच्या दोन बाजूंना काळे, बारीक दाण्यांचे."

तुमचा चेहरा बदलला. मला ते तेव्हा कळलं नाही. शास्त्राप्रमाणं उवा-मुंग्यांसारख्या जीवांना तीन इंद्रियं, स्पर्श, चव आणि वास. माशी-विंचवाला डोळे म्हणून चार. हे तुम्हाला लहानपणापासनं पाठ होतं, आणि या जीवाला तुम्ही मुंगीच्या रांगेत बसवला होता. आयुष्यभर.

"डाग आसतील," तुम्ही म्हणालात.

"डाग नव्हेत. बघा तरी."

तुम्ही बघितलंत. बराच वेळ बघितलंत. भिंग परत दिलंत आणि त्या दिवशी जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी बस्तीतल्या पंडितांना विचारून आलात. ते म्हणाले, बाई, तीनच. तुम्ही घरी येऊन मला ते सांगितलंत आणि वर कुरकुरलात, "पर त्यांनी बघितलंय कुटं?"

त्यानंतर वर्षानुवर्षं कधी तुम्ही तीनच्या बाजूला, कधी मी. एकदा कुंपणाकडेच्या दगडाखाली मुंग्यांच्या वारुळात तुम्हाला अगदी लहान, पांढरे सापडले. अंग तसंच, पाय तसेच, पण भिंग कितीही जवळ नेलं तरी डोळा दिसेना. तुम्ही मला शेतातनं हाका मारत आलात. "ये, बघ! ह्याला न्हाईत! मी सांगत हुतो का न्हाय?" पन्नाशीची बाई, धापा टाकत, तोंडभर हसत. मी म्हटलं, "मग दोन्ही खरं." तुम्ही म्हणालात, "दोन्ही खरं कसं आसंल? एकाच कुळातले हाईत न्हवं?" आणि आपण दोघी त्या दगडापाशी बसून राहिलो. एकाच घरातला एक डोळस आणि एक अंधारात राहून डोळे सोडून दिलेला. भांडणाचं आपल्याला भानच राहिलं नाही.

आप्पांना मी पत्रानं विचारलं, हा किडा कोणता? त्यांनी कार्डावर लिहून पाठवलं की हा किडा नव्हेच, हा खेकड्याच्या कुळातला. ते कूळ मुळात समुद्रातलं, हा तेवढा जमिनीवर राहायला आला, आणि अजून पोटाखालच्या पडद्यांनी कल्ल्यासारखाच श्वास घेतो, म्हणून त्याला ओल लागते. मी चुलीपाशी ते मोठ्यानं वाचलं. तुमच्या हातातली काटकी तशीच राहिली.

"समिंदरातनं?" तुम्ही म्हणालात. "निपाणीपातूर?"

"हो."

"चालत?"

"चालतच की."

तुम्ही सुपातल्या एकाकडं बघत होतात. ते बोटभर अंतर चालायला त्याला किती वेळ लागतो ते आपल्याला माहीत होतं. मग तुम्ही अगदी हळू विचारलंत, "कवा निघालं आसंल गं हे?"

वन्सं, मी पुष्कळ वाचलं त्यानंतर. आप्पांनी पाठवलेली इंग्रजी पुस्तकंसुद्धा शब्द लावत वाचली. पण त्या प्रश्नाएवढं मोठं काही मला कुठं सापडलं नाही.

इंदूच्या वेळी मला सहावा महिना होता. तुम्ही मला लाकडाला हात लावू देत नव्हता. मी नुसती पाटावर बसायचे. तुम्ही एक हुळ काचेच्या तुकड्यावर ठेवून काच उचललीत आणि भिंग खालनं धरायला सांगितलंत. पायांच्या मधोमध, पोटाशी, पातळ पापुद्र्याची पिशवी. पिशवीत पाणी. पाण्यात पिवळसर अंडी. चार दिवसांनी पुन्हा बघितलं तर अंड्यांच्या जागी पांढरे ठिपके वळवळत होते. समुद्र सोडला तरी तिनं पोरांपुरतं पाणी बरोबर ठेवलं होतं.

"बाईच की गं ही," तुम्ही म्हणालात. मग माझ्या पोटाकडं बघितलंत. "तुजं बी पान्यातच हाय."

पिलं बाहेर पडली तेव्हा तुम्ही मोजलंत आणि म्हणालात, बारा पाय. मी म्हटलं, चौदा असतात, इतकी वर्षं चौदाच मोजतोय. तुम्ही म्हणालात, "तुज्या पुस्तकात आसतील." मी भिंग घेतलं. बारा. पुन्हा मोजले. बारा. दोन-तीन दिवस आपण त्या ओल्या मडक्यापाशी सारख्या जात होतो, आणि मग पिलांनी पहिली कात टाकली आणि मागे आणखी एक इवलीशी जोडी दिसायला लागली. शेवटची जोडी जन्मानंतर येते! तुम्ही मडक्यावर झाकण ठेवलंत, बाहेर आलात आणि कुणालाच उद्देशून न बोलता म्हणालात, "आजून चाललंयच. घडवायचं काम आजून चाललंयच."

कणकुंबीचं तर मी किती जणांना सांगितलं, पण त्या दिवसासारखं ते मला कधी सांगता आलं नाही.

माझा धाकटा भाऊ जंगल खात्यात कारकून होता, कणकुंबीला. त्यानं लिहिलं की इकडं असले जीव गोळी होतात. तुम्ही त्याचा ध्यास घेतलात. चातुर्मासात तुम्ही गाव सोडणार नाही, म्हणून दिवाळीनंतर निघालो. बेळगावपर्यंत मोटार, पुढं गाडी. तुम्ही निपाणीच्या पलीकडं पहिल्यांदाच एवढ्या लांब आला होतात. कणकुंबीला पाऊस संपून महिना झाला होता तरी झाडीत ओल तशीच. माझ्या भावाच्या घरी पाणी भरायला येणारी गंगूबाई आपल्याला ओढ्याकडच्या रानात घेऊन गेली. तिनं कुजलेल्या पानांचा थर हातानं बाजूला केला आणि तुमच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. काळी, गुळगुळीत, मिरीच्या दाण्याहून थोडी मोठी गोळी. तुम्ही श्वास धरून बसलात. बऱ्याच वेळानं गोळीला फट पडली, दोन मिशा बाहेर आल्या, हवा चाचपली, आणि गोळी उलगडून चालायला लागली.

तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तुम्ही खाली बघितलंत. गंगूबाईनं उकरलेल्या त्या वीतभर जागेत ते किती होते! करडे, तांबूस, पांढरी पिलं, गोळ्या झालेले, अर्धी कात टाकलेले. तुमची नजर तिथनं पलीकडं गेली, त्याच्या पलीकडं, सगळ्या रानात तशीच पानं पसरलेली, जिकडं बघावं तिकडं. तुमचा हात माझ्या दंडाला बसला.

"पद्मा, मी इतवर चालत आलो."

मी तुमच्या पायांखालचा पाला बघितला.

"आता पाय कुटं ठेवू?"

ओढ्याच्या काठी एक सपाट खडक होता. तुम्ही त्यावर चढलात आणि उतरायलाच तयार नव्हतात. मी हात दिला, विनवलं, रागावले. तुम्ही आपल्या पायांकडं बघत होतात, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे असावेत. तीस वर्षं काटकी न् काटकी झटकणारी बाई. गंगूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला हसू येत होतं आणि कीवही. ती म्हणाली, "आक्का, तुमी हुबं र्‍हायलासा त्या धोंड्याखाली बी हाईतच की. त्येस्नी काय तुमचं वजं न्हाय. त्येंचा धंदा चालूच."

"कसला धंदा?" तुम्ही विचारलंत.

"पाला खायाचा. पडल्याला. न्हायतर ह्यो पाला कवाच आमच्या गळ्यापातूर आला असता."

तुम्ही माझ्याकडं वळलात. "पडलेलंच खातंय? हिरवं न्हाय?"

"बहुतेक पडलेलंच," मी म्हटलं. "झाडानं टाकलेलं. त्याची माती करतात, मग ती माती झाडाला."

तुम्ही खाली बघत राहिलात. आपण सगळ्या आयुष्यभर जे साधायला धडपडतो, की आपल्या पोटापायी कुणाला दुखवू नये, ते हा जीव शपथ न घेता, उपास न करता, पानांखाली बसून करत होता. तुम्ही हे बोलून दाखवलं नाहीत. खडकावरच गुडघे टेकलेत आणि त्या कुजलेल्या पाल्याला हात जोडलेत. गंगूबाईचं हसू थांबलं. मग तुम्ही उठलात आणि एकेक पाऊल बघून गाडीवाटेपर्यंत आलात.

परत आल्यावर लाकडं झटकणं तुम्ही सोडलं नाहीत. पण भीती गेली होती. आधी तुम्ही पापाला घाबरून झटकत होतात. आता पाहुण्याला जागा करून द्यावी तसं.

लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेना झालं, आणि त्याच वर्षांत तुमचे डोळे गेले. दोन्हीत मोतीबिंदू. मिरजेला न्यायचं म्हटलं तर तुम्ही नाही म्हणालात. चूल माझ्याकडं आली. तुम्ही न्हाणीच्या उंबऱ्याशी बसायचात आणि मी सुपातनं एखादं हुळ तुमच्या तळहातावर सोडायचे. "आता मी बी चार इंद्रियांची झालो," तुम्ही हसून म्हणालात. "त्यांच्याच रांगेत आलो बघ." मी म्हटलं, म्हणजे त्यांना चार, कबूल? तुम्ही म्हणालात, "कबूल कवा केलो? तुज्या बाजूनं बोलून बघितलो." तुम्ही हाताकडं चेहरा केलात. मग म्हणालात, "चौदा पाय सुटं सुटं कळत न्हाईत गं. एक लाट येती आनि जाती."

मी डोळे मिटून बघितलं. खरंच लाट येते.

वन्सं, आता जे सांगायचं ते मी वीस वर्षांत सांगितलं नाही.

माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच पोटात गेलं. तुम्हाला आठवतंच. त्यानंतर आठव्या दिवशी मी न्हाणीत एकटी होते. पाण्याचा हंडा चुलीवर उकळत होता. ओल्या भिंतीच्या फटीतनं ते बाहेर येत होते, एकामागोमाग एक, लहानमोठे, पांढरी पिलं सुद्धा. किती! माझ्या मनात एवढंच आलं की हे इतके जगतात. मी तांब्या भरला आणि भिंतीवर फेकला. मग दुसरा. मग हंडाच ओतला.

तुम्ही दुपारी भिंत बघितलीत. बाहेर येऊन सोप्यावर बसलात आणि म्हणालात, "माज्या हातनंच झालं. सकाळी उरलेलं पानी मी बघितल्याबिगर वतलो." मी आतल्या खोलीत बाजेवर पडून ते ऐकलं. उठून बोलायला चार पावलं होती. मी कूस वळवली. तुम्ही तीन दिवसांचा निर्जळी उपास धरलात. तुमच्याशेजारी येऊन मी लाकडं झटकायला लागले, ते त्यानंतर.

पुढं बोलायची वेळ रोज येत होती. भिंगापाशी, मडक्यापाशी, त्या खडकापाशी. शेवटच्या आजारात तर तुम्ही माझा हात धरून पडला होतात आणि खोलीत कुणी नव्हतं. मला भीती वाटली की हे ऐकून तुम्ही हात सोडाल. तुम्ही सोडला नसतात, हे आता तुम्ही नसताना कळून काय करू?

परवा बायका तुमच्या त्या उपासाचंच कौतुक करत होत्या, नुसत्या चुकून सांडलेल्या पाण्यापायी तीन दिवस म्हणून. मला ऐकवेना. त्या गेल्यावर मी तुमच्या भावाला सांगितलं. तो माझ्यासमोर येऊन बसला. मी म्हटलं, "त्यांनी माझ्यासाठी प्रायश्चित्त घेतलं."

"तुज्यासाठी न्हाय," तो म्हणाला. "तिला आपलं पाप वाटलं म्हणून तिनं घेतलं. ज्याचं त्यालाच फेडावं लागतंय. तुजं आजून तुज्यापाशीच हाय." त्यानं ते रागानं म्हटलं नाही. उठून बाहेर गेला आणि बराच वेळ गोठ्यात होता.

मी उपास धरलाय. तीन दिवसांचा, निर्जळी. आज दुसरा दिवस. दुपार झाली आहे, जीभ टाळ्याला चिकटते आहे, आणि विहिरीवर रहाट कुरकुरला की मान आपोआप तिकडं वळते. इतकं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि सकाळपासनं मला एकच दिसतंय. मी बाळंतीण होते, मला रोज अंघोळ घालायचं काम तुमचंच होतं. तुमच्या त्या उपासाच्या तीनही दिवशी तुम्ही त्याच विहिरीचं पाणी शेंदलंत, फडक्यातनं गाळलंत, तापवलंत आणि माझ्या पाठीवर तांब्या तांब्यानं सोडलंत. पाणी तुमच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. तुमचे ओठ फुटले होते. अंघोळ झाली की तुम्ही माझं डोकं पुसायचात, मला बाजेवर नेऊन निजवायचात, आणि मग ते ओले हात पदराला पुसायचात.